जिमिन म्हणजे काय? आधी अक्षरं सांगा

कोरियन नावाचा अर्थ नुसतं नाव ऐकून सांगता येत नाही. हे मी इतक्या जणांना, इतक्या लग्नात-बारशात आणि व्हॉट्सअॅपवर समजावून सांगितलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवते.

झालंय असं की नाशकात कोरियन ऐकणारी, बघणारी, शिकणारी पोरं खूप वाढलीत. कॉलेज रोडला कुठेही चहाला बसा, शेजारच्या टेबलवर बीटीएस या कोरियन बँडमधल्या जिमिन नाहीतर जंगकुक यातलं एक नाव कानावर येतंच. मी पुण्याकडच्या एका कंपनीसाठी घरी बसून कोरियन भाषांतराचं काम करते, त्यामुळे नात्यातल्या, सोसायटीतल्या सगळ्या पोरांची मी हक्काची मावशी. आणि प्रश्न ठरलेला, "मावशी, जिमिन म्हणजे काय गं? सोयॉन म्हणजे काय?" मग मी विचारते, अक्षरं कुठली? की समोरचा गप्प. कारण नेटवर ज्या याद्या फिरतात, 'कोरियन नावं आणि त्यांचे अर्थ', त्यात प्रत्येक नावापुढे एकच अर्थ ठोकून दिलेला असतो, आणि ते मला खरंच खटकतं, कारण त्या नावामागे कुणाच्या तरी आईबापाने आजोबांनी बसून जो विचार केलेला असतो तोच त्यात पुसला जातो.

आपल्याकडे कसं असतं, स्मिता म्हटलं की हसरी. देशातल्या सगळ्या स्मितांचा अर्थ तोच, नाव कानावर पडलं की अर्थ हातात आला. कोरियन नावात तसं नाही. तिथे आधी आडनाव, ते बहुतेक एका अक्षराचं, किम, ली, पार्क वगैरे, आणि मग नाव, ते बहुतेक दोन अक्षरांचं. ही जी दोन अक्षरं आपण ऐकतो ती फक्त आवाज आहेत. बहुतेक नावांत त्या प्रत्येक आवाजामागे एक चिनी अक्षर असतं, कोरियन लोक त्याला हान्जा म्हणतात, आणि अर्थ असतो तो त्या हान्जात. रोजच्या व्यवहारात नाव हांगुलमध्ये लिहितात, म्हणजे राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केलेली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केलेली त्यांची स्वतःची लिपी, ती आपल्या देवनागरीसारखीच उच्चार लिहिते. पण सरकारी ओळखपत्रावर हांगुलमधल्या नावाच्या शेजारी कंसात हान्जा छापलेले असतात. तो कंस म्हणजे नावाचा दुसरा अर्धा भाग आणि आपल्यापर्यंत तो कधी पोचतच नाही.

आता जिमिनच घ्या. 'जि' या आवाजाला शहाणपण हा अर्थ असलेलं अक्षर आहे, जाणणे या अर्थाचं वेगळं, निश्चय किंवा मनातला इरादा याचं वेगळं, तळं या अर्थाचंही आहे. 'मिन' म्हणजे चपळ-हुशार असेल, जनता असेल, जेडसारखा दगड असेल, आकाश असेल. बीटीएसमधला जो पार्क जिमिन आहे त्याची अक्षरं शहाणपण आणि आकाश ही आहेत. त्याच्याच शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या दुसऱ्या जिमिनची निश्चय आणि चपळ अशी असू शकतात, आणि ती मुलगी असू शकते, कारण हे नाव दोघांनाही चालतं. दोघांना हाक मारताना काडीचा फरक नाही. नावं मात्र दोन वेगळी.

एका आवाजावर एवढी गर्दी का, तर ही अक्षरं चीनमधून आली तेव्हा तिकडच्या उच्चारात चढउतार होते, सूर बदलला की शब्द बदलायचा. कोरियन भाषेने अक्षरं घेतली, उच्चार आपल्या जिभेप्रमाणे घेतले, पण आजच्या प्रमाण कोरियनमध्ये ते सूर राहिलेले नाहीत. म्हणजे हजारो अक्षरं आणि त्यांना वाटून घ्यायला आवाज पाचशेच्या आसपास. मग एकेका आवाजाखाली वीस-तीस अक्षरं सहज साठतात. नावात कुठलीही चालतात असंही नाही हां. १९९१ पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची यादीच आहे, नावात वापरायच्या हान्जांची, मूल जन्मलं की नोंदणीत त्या यादीतलंच अक्षर घ्यावं लागतं. यादी वाढत वाढत २०१५ मध्ये ८,१४२ अक्षरांवर गेली आणि आता तर नऊ हजारांच्याही पुढे आहे. कारण लोक अर्ज करत राहतात की आमच्या घराण्यातलं अमुक अक्षर राहिलंय, ते घ्या.

मग एकमेकांना नाव सांगताना काय करतात? इथे मला सगळ्यात मजा येते. ते आधी अर्थ सांगतात, मग आवाज. 'शहाणपणाचा जि', 'उठून दिसणारा सु', अशी प्रत्येक हान्जाची जोडीच पाठ केलेली असते. आपण नाही का फोनवर सांगत, शहामृगाचा नाही हो, पोटफोड्या ष, तसंच, फक्त आपल्याला ते एका ष साठी करावं लागतं आणि त्यांना नावातल्या प्रत्येक अक्षरासाठी. पूर्वी मुलांना 'हजार अक्षरं' नावाची चिनी पोथी घोकून घ्यायचे, तिची सुरुवातच 'आभाळ छॉन, जमीन जि' अशी, अर्थ-आवाज, अर्थ-आवाज. ती सवय भाषेत उतरलीय. पण आता तरुण मुलांना ही जोडी स्वतःच्या नावापुरतीच येते, मैत्रिणीच्या नावाचे हान्जा दाखवले तर वाचता येतीलच असं नाही. दक्षिण कोरियात १९४८ लाच सरकारी कागद हांगुलमध्ये लिहायचा कायदा झाला होता तरी वर्तमानपत्रांत हान्जा मिसळलेले असायचेच, १९८८ मध्ये हांक्योरे हे पेपर पूर्ण हांगुलमध्ये सुरू झालं आणि मग हळूहळू बाकीचेही वळले. उत्तर कोरियाने तर १९४९ च्या सुमारास छापील मजकुरातून हान्जा काढूनच टाकले. आडनावाचीही गंमत बघा, जे अक्षर दक्षिणेत 'ई' म्हणून उच्चारतात आणि इंग्रजीत ली लिहितात तेच उत्तरेत 'री'. अक्षर एक, घराणं एक, सीमेच्या अलीकडे-पलीकडे आवाज वेगळा.

नाव ठेवायचं कसं, हा भाग आपल्या लोकांना चटकन कळेल. आपल्याकडे बाळ जन्मलं की पहिल्यांदा वेळ विचारतात, मग गुरुजी नक्षत्र काढतात, चरण काढतात, अश्विनी असेल तर चू चे चो ला, त्यावरून नावरस नाव. ते कानात सांगायचं, पत्रिकेत लिहायचं, आणि पाळण्यात दुसरंच ठेवायचं. कोरियात नाव काढून देणारी दुकानंच असतात, जांगम्यंगसो म्हणतात त्यांना. तिथेही जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ लागते. या चार गोष्टींवरून ते पंचतत्त्वांचा हिशोब मांडतात, पण त्यांची पंचतत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी, आपल्यासारखं वायू-आकाश नाही. बाळाच्या मांडणीत पाणी कमी पडतंय असं दिसलं तर नावात असं अक्षर घ्यायचं ज्याच्या आकारात पाण्याची खूण आहे. त्यानंतर रेघा मोजायच्या, म्हणजे ते अक्षर लिहायला कुंचला किती वेळा टेकवावा लागतो ते, आणि आडनाव-नावाच्या रेघांच्या बेरजा शुभ येतात का बघायच्या. यात एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. पाण्याची खूण अक्षराच्या डाव्या बाजूला येते तेव्हा ती तीन थेंबांची होते, पण नाव काढणारे त्या तीन नाही, चार रेघा धरतात, कारण पाणी हे मूळ पूर्ण अक्षर चार रेघांचं आहे. हाताने लिहिलंय त्यापेक्षा मूळ रूप महत्त्वाचं. आता हे सगळं खरं मानायचं का, मी मानत नाही, माझ्या मुलाच्या वेळीही मानलं नव्हतं. पण एका बाळासाठी कुणीतरी थेंबांच्या रेघा मोजत बसतं याबद्दल मला मनापासून आदर आहे. आणि हे सगळं महिन्याभरात उरकायचं, कारण जन्माची नोंद महिन्याच्या आत करावी लागते.

पण याहून मोठी गोष्ट म्हणजे पिढीचं अक्षर. दोल्लिमजा म्हणतात त्याला, फिरतं अक्षर. घराण्यातल्या एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या, चुलत भावांच्या, चुलत-चुलत भावांच्या नावात एक अक्षर सारखं. बाकीचं एकच अक्षर आईबापांनी निवडायचं. हे अक्षर कुठलं ते आधीच ठरलेलं असतं, पुढच्या कित्येक पिढ्यांचं.

ह्युंदाईचं घराणं घ्या, गाडी तर आपल्या गल्लीत दर चौथ्या दारात उभी आहे. संस्थापक चंग जु-यंग. त्यांचे भाऊ इन-यंग, से-यंग, सांग-यंग. सगळ्यांच्या शेवटी तोच 'यंग', कायम टिकणारा या अर्थाचा. पुढची पिढी मोंग-गु, मोंग-हॉन, मोंग-जुन, आता सारखं अक्षर पुढे आलं, 'मोंग' म्हणजे स्वप्न. नातवंडांत उइ-सॉन, इल-सॉन, गि-सॉन, अक्षर परत मागे. एका पिढीत मागे, एका पिढीत पुढे, अशीच रीत असते. त्यामुळे नुसत्या नावावरून कळतं की हा मनुष्य कुठल्या पायरीवरचा. आपल्याकडे असतो ना, वयाने लहान पण नात्याने काका, तिथे तो नावातच लिहिलेला असतो.

अक्षरं ठरवताना पुष्कळ घराणी त्या पाच तत्त्वांचाच क्रम लावतात. लाकडातून अग्नी, अग्नीतून माती म्हणजे राख, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून परत लाकूड. बापाच्या अक्षरात जे तत्त्व त्यातून जन्मणारं तत्त्व मुलाच्या अक्षरात. पाच पिढ्यांत फेरा पूर्ण. सॅमसंगच्या ली घराण्यात हे दिसतं. ली ब्यंग-चल यांची मुलं मेंग-ही, छांग-ही, गॉन-ही. त्या 'ही' अक्षराच्या तळाशी चार ठिपके आहेत, ती अग्नीची खूण. त्यांची मुलं जे-ह्यॉन, जे-यॉन्ग, आणि त्या 'जे' अक्षराच्या पोटात मातीचं अक्षर बसलंय. अग्नीतून माती. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं होतं, तो झोपेत बरं बरं म्हणाला. पण लगेच मुलींकडेही बघा. ब्यंग-चल यांच्या मुलींच्या नावातही 'ही' होतं, धाकटी म्यॉन्ग-ही. पुढच्या पिढीत गॉन-ही यांच्या मुली बु-जिन आणि सॉ-ह्यॉन, त्यांना 'जे' नाही. ते भावाला मिळालं, बहिणींना नाही. पुष्कळ घराण्यांत मुलींना ते अक्षर द्यायची पद्धतच नव्हती.

भावांच्या नावात एकत्र अर्थ विणायचा, ही हौस जुनी आहे. नौदल सेनापती यी सुन-शिन, १५४५ चा जन्म, जपानी आरमाराला रोखणारा, कोरियात त्यांना आपल्या महाराजांसारखा मान. ते चार भाऊ. ही-शिन, यो-शिन, सुन-शिन, उ-शिन. शेवटचं 'शिन' सारखं, राजाचा सेवक किंवा मंत्री या अर्थाचं. आणि पहिली चार अक्षरं म्हणजे प्राचीन चीनच्या आदर्श राजांची नावं, फूशी, याव, शुन, यू, बरोबर त्याच क्रमाने. सुन-शिन म्हणजे शुन राजाचा सेवक. चारही नावं एकाशेजारी ठेवली तरच बापाच्या मनात काय होतं ते दिसतं, एकटं नाव वाचून अर्धंच कळतं.

राजांचं स्वतःचं मात्र उलटं. राजाच्या नावातलं अक्षर प्रजेने लिहायचं नाही अशी बंदी होती, म्हणून चोसन या कोरियाच्या जुन्या राजघराण्यात राजपुत्राला मुद्दाम कुणी वापरत नाही असं विचित्र, एकच अक्षर द्यायचे, म्हणजे लोकांची अडचण नको. सेजोंगचं खरं नाव 'दो', अगदी दुर्मीळ अक्षर. कन्फ्युशियसच्या नावालाही तोच मान. तेगु शहराच्या नावात 'गु' हे टेकडी अर्थाचं अक्षर होतं, तेच कन्फ्युशियसचं नाव, म्हणून अठराव्या शतकात कुणीतरी हरकत घेतली आणि पुढे त्याच आवाजाचं दुसरं अक्षर वापरात आलं. शहराचं नाव बोलताना कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

ही सगळी अक्षरं कुठे लिहून ठेवतात? जोक्पो नावाच्या वंशावळीच्या ग्रंथात. आणि इथे नाशिककरांना वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. रामकुंडावर, त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, आडनाव सांगा, गाव सांगा, ते लाल कापडात बांधलेली वही काढतात आणि तुमचा पणजोबा कधी गंगेवर आला होता, कुणासाठी आला होता, बरोबर कोण होतं, सगळं. आजीच्या दहाव्याला आमची वही निघाली तेव्हा जुनी पानं मोडीत होती, बाबांना वाचता आली नाहीत, गुरुजींनी वाचून दाखवली. कोरियन मुलांना आजोबांचं जोक्पो असंच वाचता येत नाही, सगळं हान्जात. आडनावापुढे तिथे मूळ गाव लागतं, किम्हेचे किम वेगळे, ग्यॉन्गजुचे किम वेगळे, जसं आपल्याकडे आडनाव एक आणि मूळ गाव-गोत्र वेगळं. एकाच गावाच्या एकाच आडनावात लग्न करायला कायद्यानेच बंदी होती, ती १९९७ मध्ये घटना न्यायालयाने घटनाविरोधी ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. सगोत्राचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला असं समजा.

आमच्या वहीत त्या पानावर आत्याचं नाव नव्हतं. मी विचारलं, तर मुली सासरच्या वहीत असतात म्हणे. जोक्पोचंही असंच. आज हाती असलेल्यांपैकी सगळ्यात जुनं जोक्पो १४७६ चं, आन्दोंगच्या क्वॉन घराण्याचं. त्यात मुलगे-मुली जन्माच्या क्रमाने आहेत, मुलींची मुलंबाळंसुद्धा आहेत, पुढच्या काळात ते आक्रसत गेलं. पण त्या उदार ग्रंथातही मुलीच्या जागी नाव तिच्या नवऱ्याचं. तिचं स्वतःचं नाही. चोसन काळातल्या बहुतेक बायका आपल्याला आडनावानेच माहीत आहेत, राण्यासुद्धा. त्याबरोबर हेही खरं की लग्न झालं म्हणून कोरियन बाईचं नाव बदलत नाही, आडनावही नाही, ती जन्मभर वडिलांच्याच आडनावाने राहते. आमच्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात हे मी एका कोरियन सहकारी बाईंना सांगितलं तर त्या कितीतरी वेळ पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पहिलं नाव? स्वतःचं पहिलं नाव?

आणि मुलगी नको असताना झालेल्या मुलींची नावं. ही माहिती मला सगळ्यात जड जाते. मल्जा, यात 'मल' म्हणजे शेवट, ही शेवटची होऊ दे. हुनाम, म्हणजे नंतर मुलगा. पिलनाम, आता नक्की मुलगा. ही नावं कागदोपत्री, चिनी अक्षरांत, त्या त्या बाईच्या ओळखपत्रावर. आपल्याला हे कळायला वेळ लागत नाही कारण आपल्याकडे नकुशी आहेत. साताऱ्यात २०११ मध्ये कार्यक्रम करून २८५ नकुशींना नवी नावं दिली होती. कोरियात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नाव बदलायचा हक्क शक्यतो मान्य करावा, त्यानंतर नाव बदलणं खूप सोपं झालं आणि बदलणाऱ्यांची रीघच लागली. काहींनी आवाज तोच ठेवून फक्त हान्जा बदलले. त्याने रोजची हाक बदलत नाही, पण कंसातलं ओझं जातं.

वाईट नावाचा दुसराही प्रकार आहे, तो प्रेमातून येतो. मुलं जगत नसली की आपण दगडू, धोंडू, केरबा ठेवायचो, म्हणजे यमाची नजर जाऊ नये. तिकडे लहानपणी हाक मारायला 'गेत्तोंग' असायचं, कुत्र्याची घाण. पुढे राजा झालेल्या गोजोंगलाही लहानपणी याच नावाने हाक मारायचे. मोठं झाल्यावर नीट हान्जातलं नाव मिळायचं आणि हे मागे पडायचं.

मग १९४०. तेव्हा कोरियावर राज्य करणाऱ्या जपानी सत्तेने कोरियन लोकांना जपानी पद्धतीचं आडनाव घ्यायला लावलं. म्हणायला ऐच्छिक, पण शाळेत प्रवेश, रेशन, नोकरी सगळीकडे अडवणूक, त्यामुळे सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के लोकांनी ते घेतलं. ज्या समाजात आडनावामागे गाव, गावामागे ग्रंथ, आणि ग्रंथात तुमच्या नातवाचं अक्षरसुद्धा आधीच ठरलेलं, तिथे हे काय झालं असेल ते मला शब्दांत नाही मांडता येत. पुष्कळांनी नव्या जपानी आडनावात जुन्या आडनावाचं किंवा मूळ गावाचं एखादं अक्षर लपवून ठेवलं. १९४६ मध्ये नावं परत मिळाली. त्या काळाची एक खूण मात्र राहिली, त्या वेळच्या मुलींच्या नावाच्या शेवटी असलेलं 'जा', यॉन्गजा, सुन्जा. जपानी मुलींच्या नावातलं 'को' तेच अक्षर. आज ऐंशीच्या घरातल्या कोरियन आज्यांमध्ये हे 'जा' भरपूर आहे, त्यांच्या नातींमध्ये जवळजवळ नाही.

याच काळातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे किम गु, स्वातंत्र्यलढ्यातले मोठे नेते, परदेशातल्या हंगामी सरकारचे पुढे अध्यक्ष झाले, १९४९ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या नावातलं 'गु' आधी कासव या अर्थाचं होतं. जपान्यांच्या तुरुंगात असताना त्यांनी ते बदलून नऊ या आकड्याचं 'गु' घेतलं, जपानी दफ्तरातल्या नोंदीतून आपण बाहेर पडावं म्हणून. उच्चार तोच. शिपायाने हाक मारली तरी त्याला कळणार नाही की आपण आता वेगळ्या माणसाला हाक मारतोय. आणि टोपणनाव घेतलं बेकबॉम. त्यातलं 'बेक' खाटकांच्या जातीच्या शब्दातलं, ज्यांना तिथे अगदी तळाचं मानायचे, आणि 'बॉम' साध्या माणसाच्या शब्दातलं. देशातला सगळ्यात खालचा मनुष्यही निदान माझ्याएवढा देशप्रेमी व्हावा, असं त्यामागचं म्हणणं. महाराष्ट्रात राहून हे वाचताना अंगावर काटा येतो.

आता ज्यांच्या कंसात काहीच नसतं त्यांच्याबद्दल, कारण अशी नावंही चिकार आहेत. हानुल म्हणजे आभाळ, इसुल म्हणजे दव, सुल्गि म्हणजे शहाणपण, बोरा म्हणजे जांभळा रंग, सारांग म्हणजे प्रेम. हे अस्सल देशी कोरियन शब्द, त्यांना हान्जा नसतातच, अर्थ थेट कानावर. साधारण १९७०-८० नंतर अशी नावं जास्त दिसायला लागली, आपल्या भाषेचा अभिमान म्हणून. काही पालकांनी वाक्यच्या वाक्य नाव म्हणून ठेवायला सुरुवात केली तेव्हा १९९३ मध्ये मर्यादा घातली, आडनाव सोडून पाच अक्षरं. सोल या शहराच्या नावालाही हान्जा नाहीत, तो देशी शब्द आहे, त्यामुळे चिनी लोक त्या शहराला वेगळ्याच जुन्या नावाने ओळखायचे, शेवटी २००५ मध्ये सोलच्या महापालिकेनेच आवाजाला जुळणारी दोन चिनी अक्षरं निवडून दिली.

माझ्या भाचीला कोरियन नाव हवंय. तिने वाढदिवसाच्या तारखेवरून नाव काढून देणारा एक खेळ खेळून काहीतरी आणलं, महिन्याला एक अक्षर, तारखेला एक अक्षर. मी तिला सांगितलं की हे नको. तुझं नाव मेघा, त्यात मेघ आहे, मग ढगाचं 'उन' अक्षर घे, त्याच्यापुढे तुला काय व्हायचंय त्याचं अक्षर शोध, यादीत आहे का बघ, दोन्ही अक्षरं हाताने लिहायला शिक, आणि मग नाव लाव. आठवडाभर ती अक्षरं शोधतेय. सध्या 'मन' अर्थाचं एक आणि 'पहाट' अर्थाचं एक यात अडकलीय आणि मी मध्ये बोलत नाहीये.

ज्यांना आवडत्या कलाकाराचं नाव खरंच समजून घ्यायचंय त्यांनी विकिपीडियावर त्याचं पान उघडावं, चौकटीत हांगुलच्या खाली बहुतेक वेळा हान्जांची ओळ असते. तिथलं एकेक अक्षर कॉपी करून शोधा, अर्थ बघा, मग त्याच्या आत काय दडलंय तेही बघा, तीन थेंब आहेत का, चार ठिपके आहेत का, माती आहे का, झाड आहे का. भावाचं, वडिलांचं नाव मिळालं तर शेजारी ठेवा आणि कुठलं अक्षर सारखं आहे ते शोधा. हान्जांची ओळच नसेल तर नाव देशी आहे का ते आधी तपासा, आणि स्टेजचं नाव असेल तर मूळ नावाच्या ओळीकडे जा, कारण स्टेजचं नाव कंपनीने ठेवलेलं असतं आणि आपल्याला घरातलं हवंय.